तिसरी पिन

जून लागला की लातुरात गाद्या, बादल्या आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन माणसं उतरू लागतात. कुणी बिलोलीचं, कुणी देगलूरचं, कुणी त्याहून आतल्या गावचं. सोबत दहावीला किंवा बारावीला चांगले मार्क पाडलेलं एक लेकरू असतं आणि त्याला डॉक्टर करायचं असतं. आधी क्लास ठरतो, मग रूम, मग मेस. सगळं जमून सामान लागलं की एक अडचण हमखास उभी राहते. मुलगी लॅपटॉपचं चार्जर काढते, भिंतीपाशी जाते आणि तशीच परत येते.

"पप्पा, हे बोर्डात जात न्हाई."

चार्जरच्या प्लगला तीन पिना आणि भिंतीतल्या बोर्डाला भोकं दोन! ही अडचण तुमच्या-आमच्या घरातही कधी ना कधी आलेली आहे. आपण काय केलं होतं, ते ज्याचं त्यानं आठवावं.

भीमाशंकर अप्पांकडे या दुखण्यावर रामबाण इलाज होता. अप्पा जन्मभर दालमिलमध्ये फिटर होते. हातात कसब होतं आणि कसबाचा अभिमान त्याहून थोडा जास्त होता. "द्या इकडं, दोन मिनिटांचं काम हाय," असं म्हणून ते लोखंड कापायची करवत काढत, प्लग पायरीवर टेकवत आणि वरची जाड पिन खर्र खर्र करत कापून टाकत. उरलेल्या दोन पिना बोर्डात बरोबर बसत. लॅपटॉपचा दिवा लागे, मुलगी हसे, बापाचा जीव भांड्यात पडे. कापलेली पिन पितळेची, म्हणून अप्पा ती टाकून देत नसत. पेढ्यांचा एक रिकामा पत्र्याचा डबा त्यांनी त्यासाठी जिन्याखाली ठेवला होता.

अप्पांचं घर तीन मजली होतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांनी ते बांधलं. त्या पहाटे जे पाहिलं, त्याची धास्ती इतकी होती की पायापासून गच्चीपर्यंत लोखंड घालताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. येणाऱ्या प्रत्येक पालकाला ते खांबावर थाप मारून सांगत, "जमीन फाटू द्या, हे घर हलणार न्हाई." आणि ते खरंच होतं. फक्त वायरिंग करताना अर्थिंगची वायर त्यांनी टाकली नव्हती. तेव्हा घरात पंखे आणि दिवेच होते, दोन भोकांचं बोर्ड पुरत होतं. पुढे खोल्यांत मुली राहायला आल्या, लॅपटॉप आले, पण बोर्ड बदलायचं काही कुणाला सुचलं नाही. चालत होतं ना सगळं!

त्या वर्षी बिलोलीहून जिलानीभाई आपल्या मुलीला, अर्शीला, घेऊन आले. जिलानीभाई शिंपी. शाळेचे गणवेश शिवून सगळ्या तालुक्याच्या लेकरांची मापं त्यांना तोंडपाठ झालेली. माणूस बोलायला अगदी मऊ.

"अप्पा, पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "पण आमच्याकडं एकच साल हाय. तिचा रिश्ता आलेला हाय देगलूरचा. ते लोक एक साल थांबतो म्हणाले. नंबर लागला तर पुढं शिकवू म्हणाले. न्हाई लागला तर..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. अप्पांनाही विचारायची गरज पडली नाही. त्यांच्या घरातल्या निम्म्या मुलींचं तेच होतं. मुलगा नापास झाला की त्याला दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. मुलीला मात्र एकच, मग ती कुठल्याही घरातली असो.

अर्शीचं चार्जरही बोर्डात गेलं नाही. अप्पांनी करवत आणली. प्लग पायरीवरून घसरायला लागला तसे जिलानीभाई पुढे झाले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. पिन तुटून खाली पडली. जिलानीभाईंनीच ती उचलून अप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, "शुक्रिया अप्पा, लई मेहरबानी."

अर्शीच्या खोलीत दामिनी नावाची उदगीरची मुलगी होती. दोघींचं लगेच जमलं. अर्शी तिला भौतिकशास्त्र समजावून सांगे, दामिनी तिच्याकडून जीवशास्त्र पाठ करून घेई. क्लासच्या तासांचे व्हिडिओ लॅपटॉपवर, सराव परीक्षा लॅपटॉपवर. त्यामुळे तो सकाळपासून चालूच असे. बोर्ड दाराजवळ, पलंग खिडकीपाशी. चार्जरची वायर ताणून ताणून कशीबशी पोचायची. चार्जरचा मधला ठोकळा गादीवर पडलेला असे, त्यावर कधी उशी, कधी पांघरूण. बाहेर जाताना मुली वायर ठोकळ्याभोवती आवळून गुंडाळत आणि पिशवीत कोंबत. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की हीसुद्धा जपायची वस्तू आहे.

ऑगस्टमध्ये अर्शी खाली आली.

"अप्पा, लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येऊन राहिल्यात."

अप्पा हसले. "थोडा करंट असतोच गं त्यात. चप्पल घालून बसत जा. रबराची. काही होत न्हाई."

अप्पा हे सगळ्यांनाच सांगत. म्हणून त्या घरात एक वेगळीच रीत पडली होती. सगळ्या मुली अभ्यासाला रबरी चपला घालून बसत. स्वयंपाकघरात सिद्धम्मा, अप्पांच्या पत्नी, सोवळं पाळणाऱ्या बाई. त्यांना खोलीत चपला पाहून कसंतरी व्हायचं. पण मुली म्हणत, "अम्मा, अप्पांनीच सांगितलंय," आणि खिदळत. नवी मुलगी आली की जुन्या तिला मेसची वेळ, नळाची वेळ आणि चपलेचं सांगून टाकत.

डिसेंबरात अर्शीचं चार्जर बंद पडलं. ठोकळ्यातून वायर जिथून निघते तिथं ती आतून तुटली होती. आधी महिनाभर ती हलवली की दिवा लागे, पुन्हा हलवली की जाई. चिकटपट्टी गुंडाळून मुलींनी ते चालवून घेतलं होतं. आता तेही संपलं. अप्पा स्वतः ते घेऊन मुज्तबाभाईंच्या दुकानात गेले.

क्लासच्या गल्लीत मुज्तबाभाईंचं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटंसं दुकान. पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस, चष्मा कपाळावर, बोलणं थोडं फटकळ. त्यांनी चार्जर हातात घेतलं, आणि वायरीऐवजी आधी प्लगच पाहिला.

"पिन कुणी कापली?"

"मीच. बोर्डात बसत नव्हती."

मुज्तबाभाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "अप्पा, तुम्ही फिटर माणूस ना? ही पिन शोभेला लावलेली न्हाई. आत काही बिघडलं अन् करंट नको तिथं आला, तर त्याला जमिनीत जायची ही वाट हाय. तुम्ही वाट कापली. आता तो दुसरी शोधणार. अन् दुसरी वाट म्हणजे त्याला हात लावणारा माणूस."

"अहो, इतकी वर्षं झाली, कुणाला काही झालं न्हाई."

"झालं न्हाई म्हणून होणार न्हाई का?" मुज्तबाभाई चिडले. "अन् ही वायर बघा. आवळून गुंडाळून गुंडाळून मान मोडली तिची. ठोकळा गादीवर ठेवतात का? काळा पडला बघा. त्याला हवा लागती, अप्पा. पोरींना सांगा, फरशीवर ठेवा, वायर सैल गुंडाळा, चिकटपट्टी लावून चालवू नका. नवं ओरिजिनल मागवतो, चार दिवस लागतील. तोवर बोर्ड बदलून घ्या अन् अर्थिंग करून घ्या."

चार दिवस! दुसऱ्याच दिवशी अर्शीची सराव परीक्षा होती. अप्पांना मुलीची काळजी होती, हे आपण विसरायला नको. ते वाईट माणूस नव्हते. काळजीपोटीच ते तसेच चौकात गेले आणि हातगाडीवरून एक चार्जर घेऊन आले. तसंच दिसणारं, तेच नाव छापलेलं, पण हातात घेतलं तर मुरमुऱ्याच्या पुडीसारखं हलकं. घरी येऊन त्यांनी त्याचीही तिसरी पिन कापली आणि डब्यात टाकली. मुज्तबाभाईंकडे ते परत गेले नाहीत. बोर्डाचं पाहू म्हणाले, उन्हाळ्यात, मुली गावी गेल्यावर.

नव्या चार्जरनं हाताला मुंग्या जास्त येत. अर्शीनं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. तेच उत्तर मिळणार होतं.

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळचे पावणेआठ. आठला मोठी सराव परीक्षा. अर्शी नुकतीच न्हाऊन आली होती, केस ओले, फरशीवर पावलांचं पाणी. तिच्या एका चपलेचा अंगठा आदल्या संध्याकाळी तुटला होता. दुरुस्तीला वेळ मिळाला नव्हता. लॅपटॉपवर बॅटरी संपत आल्याची खूण दिसली, म्हणून तिनं अनवाणीच उभं राहून चार्जरचं टोक उजव्या हातात धरलं.

दामिनी आरशापुढे वेणी घालत होती. आधी तिला वाटलं, अर्शी काहीतरी गंमत करते आहे. मग तिनं तिचा चेहरा पाहिला. ती किंचाळत दाराकडे धावली आणि तिनं बोर्डाचं बटण बंद केलं. अर्शी फरशीवर कोसळली. खाली सिद्धम्मांच्या हातातली परात निसटली, तो आवाज त्या घरातल्या प्रत्येक मुलीला अजून आठवतो.

जीव वाचला. देवाची कृपा, दामिनीची हुशारी, काय म्हणायचं ते म्हणा. पण उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं खोलवर भाजली होती. पेन ज्या तीन बोटांत धरतात, नेमकी तीच. दवाखान्यात मांडीची कातडी काढून बोटांना लावली. डॉक्टरकीची खरी परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी होती.

जिलानीभाई पहिल्या गाडीनं आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कुणाला बोल लावला नाही. मुलीच्या उशाशी बसून बांधलेल्या हाताकडे पाहत राहिले. अप्पा मात्र भेटेल त्याला सांगत होते, "डुप्लिकेट माल निघाला हो. काय जमाना आलाय, असली चार्जरं विकतात!" सगळे माना हलवत. एकदा हे सिद्धम्मांनी ऐकलं. भाजी निवडता निवडता त्या हळूच म्हणाल्या, "आणलं कुणी?"



अर्शीनं डाव्या हातानं सराव केला. दोन महिने ती उत्तरपत्रिकेवरचे गोळे डाव्या हातानं काळे करत होती. हात थरथरे, शाई गोळ्याबाहेर जाई, ती पुन्हा करी. परीक्षेत वेळ संपला तेव्हा तिचे सत्तेचाळीस प्रश्न कोरे होते. येत नव्हते म्हणून नव्हे. हात पोचला नाही म्हणून.

जूनमध्ये निकाल लागला. अर्शीचा नंबर लागला नाही. दामिनीचा लागला. पेढे घेऊन ती अप्पांकडे आली, पायरीवर बसली आणि पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून रडायला लागली.

"अप्पा, अर्धा अभ्यास तिनं करून घेतला माझा. परवा फोन केला तर म्हणाली, देगलूरवाल्यांनी तारीख धरली."

अप्पा म्हणाले, "नशीब बाई एकेकाचं."

दामिनीनं डोळे पुसले. "नशीब न्हाई अप्पा. आम्ही सगळ्या वर्षभर चपला घालून बसलो. कुणालाच वाटलं न्हाई की हे चुकीचं हाय. आम्हाला वाटलं, असंच असतं!"

ती निघून गेली.  अप्पा उठले, पायात चपला सरकवल्या आणि मुज्तबाभाईंच्या दुकानात गेले. सहा महिन्यांनी ते त्या दुकानाची पायरी चढले.

"मुज्तबाभाई, खरं सांगा. चूक त्या चार्जरची होती का माझी?"

मुज्तबाभाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. फटकळ माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला नाही.

"चार्जर खोटंच होतं, अप्पा. पण खोटं चार्जरबी अर्थिंग असतं तर इतकं करू शकलं नसतं. तुम्हाला एक सांगू का? माझी मोठी बहीण होती, दिलशाद. औशाच्या पलीकडं एका गावात दिली होती. भूकंपाच्या आधी वर्षभर तिकडं लहान लहान हादरे बसून राहिले होते. फळीवरची भांडी वाजायची. ती कडेवर लेकरू घेऊन माहेरी आली. म्हणाली, अब्बा, मला त्या घरात झोपायची भीती वाटून राहिली. भिंती दगडाच्या हायत. अब्बा म्हणाले, सारा गाव तिथंच राहतो, तुलाच काय झालं? भीती वाटती तर अंगणात झोपत जा."

 गल्लीतून क्लास सुटलेल्या मुलांचा घोळका गेला.

"झोपली ती अंगणात. दोन महिने, चार महिने. मग सवय झाली. हादऱ्यांचीबी सवय होऊन जाती, अप्पा! भांडी वाजली तर कुणी मान वर करेना. ती पुन्हा आत झोपायला लागली. त्या पहाटे ती आतच होती. ती अन् लेकरू, दोघंबी."

अप्पांनी दुकानाच्या फळीला हात टेकला.

"अब्बा पुढं सात वर्षं जगले," मुज्तबाभाई म्हणाले. "लोक समजूत घालायचे, भूकंपापुढं कुणाचं चालतं? ते म्हणायचे, भूकंपाचं न्हाई रे, माझं सांगून राहिलो. लेक सांगत आली होती. घर सोड, इथंच राहा, असं म्हणायला पाहिजे होतं. मी तिला म्हणालो, अंगणात झोप. अप्पा, तुम्हीबी तेच केलं. बिघडलं होतं बोर्ड, अन् चप्पल घालायला सांगितलं पोरीला. जिला त्रास होतो तिलाच आपण सांगतो, तू जपून राहा. जे मोडलंय त्याला हात लावत न्हाई!"

अरे, काय करून बसलो आपण! आपल्या खांबांवर थापा मारत तीस वर्षं फिरलेला तो माणूस त्या फळीपाशी लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्याच दिवशी अप्पांनी वायरमन बोलावला. अंगणात खोल खड्डा खणून अर्थिंग केलं. खोल्याखोल्यांत नवी वायर टाकली, तीन भोकांची बोर्डं बसवली, करंट फुटला तर आपोआप बंद होईल असं बटण दारापाशी लावलं. पलंगाजवळ बोर्ड घेतलं, म्हणजे वायर ताणायला नको. मुज्तबाभाई स्वतः येऊन प्रत्येक बोर्ड तपासून गेले. मग अप्पांनी जिन्याखालचा डबा काढला आणि ओसरीवर उपडा केला. पिवळ्या पिनांचा ढीग पडला. सिद्धम्मा शेजारी येऊन बसल्या. अप्पा एकेक पिन उचलून पाहत होते. सगळ्या सारख्या.

आठ दिवसांनी ते बिलोलीला गेले. जिलानीभाई मशीनवर बसले होते. ते लगबगीनं उठले, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. अर्शी आतल्या दारात उभी होती. उजव्या हातावर ओढणी घेतलेली.

अप्पांनी हात जोडले. "जिलानीभाई, एक साल अजून द्या तिला. ती आमच्या घरी राहील, आमच्या लेकीसारखी. मी तिकडच्या लोकांच्या पाया पडतो. चूक माझी हाय. पिन मी कापली."

जिलानीभाई पुन्हा मशीनपाशी बसले. मशीनवर अर्धवट शिवलेला गणवेश होता.

"तारीख दिली, अप्पा. त्यांनी एक साल थांबून बघितलं. आता मी शब्द देऊन बसलो." मग अगदी हळू म्हणाले, "अन् तुम्ही एकटे कुठं होता? त्या दिवशी प्लग मीच धरला होता की."

 चहा निवून गेला. अप्पा उठले तेव्हा अर्शी दोन पावलं पुढे आली.

"अप्पा, माझ्या रूमात कोण आलंय आता?"

"नायगावची पोरगी हाय. तुझ्याएवढीच."

"ती चप्पल घालून बसती का?"

"न्हाई गं बाई," अप्पा म्हणाले. "आता कुणीच न्हाई बसत."

अर्शीनं मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

बंधूंनो, भगिनींनो, चार्जर ही साधी वस्तू. ती सैल गुंडाळावी, मोकळ्या हवेत ठेवावी, तुटली तर चिकटपट्टी न लावता बदलावी, आणि तिची तिसरी पिन कधीही कापू नये. एवढं तर शाळेतलं पोरही लक्षात ठेवील. अवघड आहे ते दुसरंच. घरात कुणी येऊन म्हणालं की मला इथं मुंग्या येतात, मला इथं भीती वाटते, तर त्याला चप्पल घालायला सांगू नका. उठा आणि काय मोडलंय ते बघा. तो सांगत असतो तेव्हाच वेळ असते, नंतर नसते.

अप्पांच्या घरी आता जून महिन्यात करवत निघत नाही. तो पत्र्याचा डबा मात्र पहिल्या पायरीवर उघडा ठेवलेला असतो. नवे पालक विचारतात, हे काय आहे? अप्पा त्यांना बसवतात आणि सगळं सांगतात, आपलं नाव घेऊन, काही न लपवता. ऐकून एखादा बाप डब्यात हात घालतो आणि विचारतो, यातली त्या मुलीची कोणती?

अप्पांना ते अजून सांगता येत नाही.